मामाचा नाना होऊ नये म्हणून: मांडीवरच्या बाहुल्याला मराठी बोलतं करताना

प्रश्न थोडक्यात असा: जुन्या व्हॉडव्हिल आणि म्युझिक हॉलच्या (अमेरिका-इंग्लंडातल्या करमणुकीच्या रंगमंचांच्या) धर्तीवर, मांडीवर एकच बाहुला घेऊन दहा मिनिटांचा शब्दभ्रमाचा, म्हणजे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करण्याचा, प्रयोग मराठीत बसवायचा आहे. इंग्रजी धडे पाहून तीन महिने सराव झाला. आरशात ओठ हलत नाहीत, पण ऐकणाऱ्यांना बाहुल्याचं निम्मं बोलणं कळत नाही. शिवाय बाहुल्याचा जबडा आणि आवाज जुळत नाहीत. काय चुकतंय?

तुमची मेहनत कमी पडत नाहीये, धडाच दुसऱ्या भाषेचा आहे. इंग्रजी पुस्तकं सांगतात, ओठ न हलवता ‘बी’ म्हणता येत नाही म्हणून ‘डी’ म्हणा, ‘पी’ला ‘टी’ आणि ‘एम’ला ‘एन’. हाच नियम मराठीला लावला की बाबांचे दादा होतात, मामाचा नाना होतो, बाटली दाटली होते, पानाची तान आणि मळाचा नळ. असे घोळ इंग्रजीतही होतात. पण मराठीत अडचण दुहेरी आहे. इंग्रजी ‘टी’ची जीभ दातांमागच्या हिरडीला लागते. आपल्याकडे मात्र दातांचा ‘त’ वेगळा आणि टाळूचा ‘ट’ वेगळा, आणि लहान पोरालाही तो फरक ऐकू येतो. इंग्रजी धडा वाचून बहुतेक जण ‘टी’ म्हणजे ‘ट’ धरतात आणि ‘पाणी’चं ‘टाणी’ करतात. मराठी कानाला ‘टाणी’ खड्यासारखं लागतं. ‘ताणी’ही चुकीचंच, पण निदान ते पटकन सरकून जातं.

अक्षरांकडे जाण्याआधी जुन्या लोकांनी हा खेळ कशावर उभा केला ते पाहू, कारण त्यावरच कुठे कष्ट घ्यायचे ते ठरतं. आवाज ‘फेकणं’ असं काही नसतं. डोळ्यांना जिथे तोंड हलताना दिसतं, तिथूनच आवाज आला असं कान मानतो. समोरच्या दोन तोंडांत हातभराचं अंतर असेल तर कानाला स्वतःहून फारसा फरक करताच येत नाही. म्हणून बाहुला तुमच्या तोंडाजवळ हवा. त्याचा जबडा ठसठशीत हलायला हवा आणि त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखं काही असता कामा नये.

लंडनच्या पॅलेस थिएटरात १८९६ साली फ्रेड रसेल ‘कॉस्टर जो’ हा एकच उद्धट बाहुला घेऊन बसला. तोवर बहुतेक शब्दभ्रमकार चारपाच बाहुल्यांचं कुटुंब रंगमंचावर मांडायचे. एकच बाहुला ठेवल्याने खेळाचं रूपांतर दोन माणसांच्या भांडणात झालं, आणि भांडण असलं की प्रेक्षक ओठ मोजत बसत नाही. याचा सर्वांत मोठा पुरावा रेडिओवर आहे. शब्दभ्रमकार एडगर बर्गन आणि त्याचा बाहुला चार्ली मॅकार्थी ही जोडी १९३७ ते १९५६ अमेरिकेच्या रेडिओवर गाजली. रेडिओवर शब्दभ्रम म्हणजे तसा विनोदच, कारण ओठ दिसतच नाहीत! बर्गनचे ओठ हलायचे हे सगळ्यांना ठाऊक होतं, चार्ली स्वतः त्यावरून त्याला टोमणे मारायचा. तरी लोकांच्या लेखी चार्ली जिवंत होता. तेव्हा ओठांना तीस टक्के महत्त्व द्या, उरलेलं पात्राला आणि शब्दांना.

आता अक्षरं.

मराठीत ओठ लागतात ते प-वर्गाला, म्हणजे प, फ, ब, भ, म यांना, आणि थोडे ‘व’ला. बाकी सगळं व्यंजनकुटुंब ओठांवाचून निभतं. एक छुपा त्रास मात्र ‘श’ आणि ‘चहा’तल्या तालव्य ‘च’चा. हे म्हणताना ओठ नकळत पुढे येतात. ‘चाक’मधला ‘च’ तसं करत नाही. आरशात प-वर्गच पाहत बसाल तर हे निसटतं.

आधी ओठांची बैठक. दातांत दोनतीन मिलिमीटर फट, ओठ सैल आणि किंचित उघडे. इंग्रजी धड्यांतलं ताणलेलं हसू इथे टाळा. ओठ ताणले की उ, ऊ, ओ हे स्वर फाकतात, आणि मराठीत ‘तू’, ‘हो’, ‘नको’, ‘कोण’ याशिवाय दोन वाक्यं जात नाहीत. या स्वरांना ओठांचा गोल करता येत नाही, म्हणून तो गोल आत करायचा. जिभेचा मागचा भाग मागे-वर ओढायचा आणि गळा जांभईच्या सुरुवातीला होतो तसा मोकळा ठेवायचा. ‘ईऽऽऊऽऽ’ असं ओठ न हलवता दहा वेळा म्हणा, जीभ मागे सरकताना कळेल. हे जमेपर्यंत व्यंजनांना हात लावू नका. घाई होते ती इथेच.

‘ब’ असा बसवायचा. आधी साधा ‘ब’ पाचसहा वेळा म्हणा आणि नीट पाहा: ओठ मिटतात, आत हवेचा दाब धरला जातो, मागे घशात ‘म्’सारखी गुणगुण चालू असते, मग ओठ सुटतात. यातलं सगळं तसंच ठेवायचं, फक्त ओठांचं काम जिभेला द्यायचं. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवा. टोकामागचा रुंद भाग वरच्या दातांच्या पाठीला आणि हिरडीला पसरून लावा. ही पसरट जीभ म्हणजे तुमचे आतले ओठ. घशातली गुणगुण नेहमीपेक्षा किंचित लांबवा आणि जीभ फटकन नव्हे, मऊ सोडा. टोक वर गेलं आणि कडक सुटलं तर स्वच्छ ‘द’ ऐकू येतो. टोक खाली राहिलं आणि सुटणं मऊ असेल तर ‘द’ आणि ‘ब’ यांच्या मधलं काहीतरी निघतं, आणि आजूबाजूच्या शब्दांच्या आधारानं कान त्याला ‘ब’ ठरवतो. काही जण सोपं म्हणून ‘ग’ वापरतात. तो वापरू नका. ‘बॉटल ऑफ बिअर’चं ‘गॉटल ओ गिअर’ ही कच्च्या शब्दभ्रमकारांची इंग्लंडात पिढ्यानपिढ्या चालत आलेली टिंगल याच ‘ग’मुळे आहे.

सराव दोन स्वरांच्या मधल्या ‘ब’पासून करा: आबा, उबारा, डबा, दाबा. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ब’ सगळ्यात अवघड, तो शेवटी.

‘प’ची जीभ तीच, फक्त घशातली गुणगुण बंद. ‘प’ला जोर दिला की तो लगेच ‘त’ होतो, म्हणून बाहुल्यानं ओरडायच्या वाक्यात ‘प’ ठेवू नये. ‘भ’ हा ‘ब’पेक्षा सोपा, कारण मागून येणारा हकार जिभेचा आवाज झाकतो. ‘फ’साठी जीभ वरच्या दातांना टेकवायचीच नाही, केसभर फट ठेवून वारा सोडायचा. आपल्याकडे ‘फणस’, ‘फार’ म्हणताना बरेच जण ओठ मिटतच नाहीत, वारा सोडतात, त्यामुळे कान फसायला तयारच असतो.

‘म’ला जीभ ‘ब’सारखीच पसरट आणि आवाज नाकात. टोकानं म्हटला की ‘न’ झालाच म्हणून समजा. शब्दाच्या शेवटचा ‘म’ मात्र फुकट मिळतो. ‘काम’, ‘आराम’ यांत आधीचा स्वर नाकात नेऊन तोडला की पुरे. ‘म्ह’ही सोपा. ‘म्हणजे’, ‘म्हातारा’ यांत ‘ह’ मदतीला येतो. ‘व’साठी एक निमिषभर ‘उ’ म्हणून पुढच्या स्वरावर घसरायचं: ‘उआरा’, ‘उआडा’. घसरण जलद हवी, नाहीतर दोन स्वर सुटे ऐकू येतात. ‘वि’ आणि ‘वे’ जरा कुरकुरतात.

रोज दहा मिनिटं, दोन वेळा. ‘ब’ ऐकण्याजोगा व्हायला तीनचार महिने लागतात, तेव्हा तुम्ही मागे पडलेला नाही.

एक मोठी चूक सगळे करतात. आरशासमोर बोलायचं आणि तेव्हाच कानानं तपासायचं. मनात ‘बाबा’ असेल तर स्वतःला ‘बाबा’च ऐकू येतं. तुमचं नेमकं हेच झालंय: डोळ्यांची परीक्षा पास आणि कानांची झालीच नाही. फोनवर नुसता आवाज ध्वनिमुद्रित करा, दोन दिवसांनी ऐका. त्याहून बरं म्हणजे प्रयोगाशी संबंध नसलेल्या तिघांना ऐकवा आणि ऐकू आलं ते लिहून मागा. ‘कळलं का’ असं विचारू नका, माणसं भिडेखातर हो म्हणतात. तिघांनीही चुकीचा लिहिलेला शब्द संहितेतून काढायचा, मग तो कितीही आवडता असो.

म्हणजे संहिता. माझ्या मते जुन्या लोकांचं निम्मं कौशल्य लेखणीत होतं आणि इथे मराठी आपल्या बाजूनं आहे.

मराठीतली खरी अडचण ‘मी’ची आहे. बाहुला सारखा स्वतःबद्दल बोलतो, आणि मी, मला, माझं, आम्ही या सगळ्यांत ‘म’. पण मराठी क्रियापद कर्ता पोटात घेऊन फिरतं. ‘मी येणार नाही’ऐवजी ‘येणार नाही, जा!’ म्हटलं तर व्याकरणही बिघडत नाही आणि बाहुला जास्त उर्मट वाटतो. ‘मला पाहिजे’चं ‘हवंय’ होतं. ‘पण’च्या जागी ‘तरी’. ‘बघा’च्या जागी ‘आहे का ठाऊक?’ किंवा नुसतं ‘अहो!’. नात्यांत काका, काकू, आजी, ताई, दादा, अण्णा, तात्या, नाना, आत्या हे सगळे मोकळे. बाबा, मामा, मावशी, भाऊ, आजोबा हे तुमच्या वाट्याचे. आकड्यांत दहापर्यंत फक्त ‘पाच’ दगा देतो. बाहुल्याचं गाव ठाणे, सातारा, जालना, धुळे, नांदेड, लातूर यांतलं ठेवा. पिंपरीला त्याला घर घेऊन देऊ नका. ‘पूर’नं संपणारी गावं मात्र चालतात, कारण ‘कोल्हा’ एवढं ऐकल्यावर पुढचं प्रेक्षकच पुरं करतो.

बाहुल्याचं नाव तर शंभर वेळा येणार. यशवंत पाध्ये यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मराठी रंगमंचावर आणलेल्या आणि पुढे रामदास पाध्ये यांच्या हातात साऱ्या देशाला माहीत झालेल्या ‘अर्धवटराव’ या नावाकडे पाहा. त्यात प-वर्गाचं एकही अक्षर नाही, आहेत ते दोन ‘व’. ‘तात्या विंचू’ही तसाच. हेतू असो की योगायोग, नाव तोंडात बसतं. त्याच घरातल्या ‘आवडाबाई’ मात्र ‘ब’ घेऊन आल्या आहेत. त्या हाताळणाऱ्याचा ‘ब’ पक्का असावा लागतो.

आता एक वाक्य उघडून पाहू. नवशिका साधारण असं लिहितो:

बाहुला: मामा, मला भूक लागली, पोळीबरोबर बटाट्याची भाजी पाहिजे.

यात ओठ दहा ठिकाणी मिटतात, आणि विनोद एकही नाही. हेच असं फिरवा:

बाहुला: काका, आतडी ओरडतायत. चकली आहे का? करंजी? निदान शेंगदाणे तरी?
तुम्ही: जेवायच्या वेळेला चकली कसली? पोळी-भाजी चालेल?
बाहुला: पोळी-भाजी! घरी तीच, इथे तीच!

पहिल्या ओळीत ओठांचं एकही अक्षर नाही. तिसऱ्या ओळीत ‘पोळी-भाजी’ आहे, पण तो शब्द क्षणापूर्वी तुम्ही स्वतःच्या तोंडानं स्वच्छ म्हटलाय. प्रेक्षकाच्या कानात तो ताजा आहे, त्यामुळे बाहुल्याचा अर्धाकच्चा ‘पोळी-भाजी’ त्याला पुरा ऐकू येतो. ही युक्ती फार जुनी आणि आजही सगळ्यात भरवशाची: अवघड शब्द आधी माणसानं म्हणायचा, मग बाहुल्यानं चिडवत पुन्हा म्हणायचा. मात्र दहा मिनिटांत चारपाच वेळाच. जास्त झालं तर तुम्ही पोपटवाल्यासारखे वाटाल. एका वाक्यात ओठांची दोनच अक्षरं, शेजारी-शेजारी नकोत आणि विनोदाच्या शेवटच्या शब्दात तर मुळीच नकोत, एवढं बंधन पाळलं तरी संहिता ऐंशी टक्के सुरक्षित होते. ‘प्रेम’, ‘पप्पा’, ‘बोंबाबोंब’ हे बाहुल्याला कायमचे वर्ज्य.

दहा मिनिटांत बाहुल्याच्या वाट्याला पाचसहाशे शब्द येतात. तेवढेच घासा. पूर्ण भाषा ओठांवाचून बोलता यायला हवी हा अट्टहास नको.

आवाजाबद्दल कमी लिहितो, कारण हे ऐकून शिकण्याचं काम आहे. बाहुल्याचा आवाज फक्त उंच नको, त्याची जात वेगळी हवी. पेटीवर तुमच्या बोलण्याचा सूर शोधा. तो ‘सा’ धरला तर बाहुल्याला मध्यमावर किंवा पंचमावर बसवा. वरच्या ‘सा’वर नेलात तर दोन मिनिटांत गळा आवळतो. त्यात थोडं नाक आणि थोडी घाई घाला. तुम्ही सावकाश बोलत असाल तर तो भरभर बोलेल. गळा दुखला किंवा दुसऱ्या दिवशी आवाज बसला तर जोर गळ्यातून येतोय, पोटातून नाही. त्या दिवशी सराव बंद. पेटीत कोंडलेल्याचा आवाज करायचा असेल तर जिभेचं मूळ मागे ढकलून, जड पेटी उचलताना निघतो तसा कण्हल्यासारखा स्वर धरायचा आणि झाकण उघडताच जीभ पुढे सोडायची. स्पेनमध्ये जन्मलेले शब्दभ्रमकार सेन्योर वेन्सेस (१८९६–१९९९) पेटीतल्या ‘पेद्रो’च्या डोक्याशी एवढ्याच सामग्रीवर खेळत. झाकण उघड, एक शब्द, झाकण बंद. लाकडी बाहुला घेण्याआधी त्यांच्याच ‘जॉनी’चा मार्ग धरायला हरकत नाही. मुठीवर डोळे रंगवा, अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या कडेला लिपस्टिक लावा, वर केसांचा टोप ठेवा. अंगठा म्हणजे खालचा ओठ. जबड्याचा ताल शिकायला याहून स्वस्त साधन नाही.

आणि ताल हाच तुमचा दुसरा प्रश्न. जबडा जुळत नाही त्याची कारणं दोन, एक हातात आणि एक बाहुल्यात.

हातातलं कारण: तुम्ही बहुधा लिहिलेली अक्षरं मोजताय. मराठीत लिहिलेला प्रत्येक ‘अ’ उच्चारला जात नाही. ‘सरकारनं’ यात लिहिताना पाच अक्षरं, बोलताना तीन ठोके: सर, कार, नं. ‘करतोय’ दोन: कर, तोय. ‘घर’ एक, ‘घरात’ दोन. प्रत्येक ठोक्याला जबडा एकदाच उघडायचा, आणि तो स्वरावर उघडायचा. नवशिक्यांचा हात उलटा चालतो. व्यंजनाच्या जोरावर ते खटका दाबून सोडतात आणि स्वर येईपर्यंत तोंड मिटलेलं असतं. मग बाहुला बोलत नाही, चावतो. ‘आ’ला पूर्ण उघडा, ‘इ’-‘उ’ला अर्धा. ‘प-ब-म’ला जबडा पूर्ण मिटवा. तुमचे ओठ मिटत नाहीत, पण बाहुल्याचे मिटलेले दिसले की ते अक्षर ऐकू आल्यासारखं वाटतं. हे फार कमी जण वापरतात, का कोण जाणे. रोज पाच मिनिटं बातम्या लावून निवेदकाच्या बोलण्यावर नुसता जबडा चालवा, स्वतः तोंड बंद.

आता बाहुल्यातलं कारण. जुना मांडीवरचा बाहुला ९० ते १०५ सेंटिमीटर उंच. डोकं पोकळ, त्याखाली वीसबावीस सेंटिमीटरची गोल दांडी. दांडीवर अंगठ्याखाली पितळी खटका. खटक्यापासून दोरी दांडीच्या बाजूनं वर जाऊन जबड्याला बांधलेली. दोरी ओढली की जबडा उघडतो. पण मिटवण्याचं काम नेहमी स्प्रिंगचं किंवा रबराचं, हाताचं नाही. आस गालांच्या मागच्या बाजूला, कानाच्या पाळीच्या जरा पुढे, तीन मिलिमीटरची पितळी सळई. हनुवटीपाशी जबडा पंधरा ते वीस मिलिमीटर उघडला पाहिजे. दहाच उघडत असेल तर सातव्या रांगेपासून पुढे काही दिसत नाही.

हाताची हालचाल आणि जबडा यांत जो क्षणाचा उशीर होतो, त्याला तीनच गोष्टी कारण असतात. पहिली दोरी. एकपदरी नायलॉनची तार ताणली जाते, त्यामुळे खटका अर्धा दाबला तरी जबडा जागचा हलत नाही. मासेमारीची वीण घातलेली दोरी वापरा, ती ताणत नाही. दुसरी स्प्रिंग. ती फार कडक असेल तर उघडायला जोर लागतो आणि मिटताना ‘टक्’ वाजतं. दोनतीन मिनिटांत अंगठा थकला तर स्प्रिंग कडक आहे. डोकं आडवं धरल्यावर जबडा आपोआप मिटेल एवढाच जोर पुरे. तिसरी घासण. जबड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर फट हवी. नवीन असताना ती असते, मग रंगाचे दोन हात वाढतात आणि फट जाते. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि कोकणात तर जून लागला की हमखास अडकतं. कडा घासून तिथे रंग लावू नका, पातळ मेण पुरे. आसाला तेल घालू नका, ते लाकडात मुरून रंग सोडवतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला. ‘टक्’ आवाजासाठी जबडा जिथे येऊन टेकतो तिथे मऊ चामड्याचा किंवा फेल्टचा तुकडा चिकटवा. माइक जवळ असेल तर हा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

डोक्याचं वजन पाऊण किलोच्या आत ठेवा. अमेरिकेतले जुने कारागीर त्यासाठी बासवुड किंवा पाइनसारखं हलकं लाकूड आतून पोखरून घेत. आपल्याकडे सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा वजनाला हलका आहे, पण तो ठिसूळ, म्हणून आसाच्या भोकात पितळी नळी बसवा. कागदाचा लगदा तर घरीच होतो आणि उत्तम होतो. डोळे हलवणं, भुवया उडवणं, कान फडफडवणं या मोहात पहिल्या वर्षी पडू नका. जबडा आणि मानेचं वळणं एवढ्यावर अर्धा तास निघतो.

बसायला उंच स्टूल नको. उजवा पाय खुर्चीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवून मांडी आडवी करा. बाहुल्याचं बूड मांडीच्या मधोमध, त्याचे डोळे तुमच्या हनुवटीच्या पातळीला. तो बोलत नसताना मेलेला दिसतो ही नेहमीची तक्रार. त्याचं कारण आपण बोलायला लागलो की हात विसरतो. तुम्ही बोलताना त्यानं तुमच्याकडे पाहावं, मध्येच प्रेक्षकांकडे, परत तुमच्याकडे. तुमचं मात्र उलटं. तो बोलताना तुमची मान स्थिर, नजर त्याच्याकडे, आणि भाव ऐकणाऱ्याचा. दाद त्याच्या वाक्यानंतर द्यायची, वाक्य चालू असताना नाही. गळ्याची घाटी हललेली दिसते; जुन्या छायाचित्रांतले कडक, उंच गळपट्टे ती झाकत. बंद गळ्याचा कोट किंवा जॅकेट हे काम करतं.

पाणी पिता-पिता बाहुल्याला बोलतं ठेवण्याबद्दल आता विचारालच, म्हणून सांगतो. लंडनच्या १९१२ सालच्या पहिल्या रॉयल कमांड प्रयोगात (राजासमोरच्या खास खेळात) झळकलेला आर्थर प्रिन्स अशाच करामतींसाठी ओळखला जायचा. गिळताना स्वरयंत्र बंद होतं, त्या क्षणी कुणालाही आवाज काढता येत नाही. म्हणजे बोलणं दोन घोटांच्या मधे. पेल्यानं ओठ झाकलेलेच असतात, हा खरा फायदा. घोट लहान, पंधरावीस मिलिलिटरचा. तो गिळायचा, पेला तसाच ओठांना लावलेला ठेवायचा आणि बाहुल्यानं एक लांब ‘आऽऽ’चा किंवा गुणगुणण्याचा तुकडा घ्यायचा. तोंडात पाणी धरून आवाज काढायचा प्रयत्न करू नका, ठसका लागतो आणि तो मोठा असतो. वर्षभराच्या आत याच्या वाटेला न गेलेलं बरं.

माइकचं एक. कानाला अडकवायचा माइक प्रेक्षकाची नजर तुमच्या गालाकडे खेचतो, तो नको. छातीवरचा छोटा माइक चालतो, पण बाहुल्याचं डोकं कोटाला घासलं की खरखर. सगळ्यात बरा तो उभ्या दांडीवरचा, दोन्ही चेहऱ्यांच्या मधे, बाहुल्याकडे जरा झुकलेला. उजेड समोरून थोडा वरून घ्या. खालून आलेल्या दिव्यात खालचा ओठ चकाकतो आणि मिलिमीटरभर हलला तरी दिसतो. म्युझिक हॉलमधल्या माणसाला पंधरा मीटरवरून दिसायचं नाही ते आता पहिल्या रांगेतला फोन मोठं करून दाखवतो. ओठांवर तेलकट काही लावू नका, हलकी पावडर लावा.

प्रयोगानंतर बाहुला पेटीत ठेवताना दांडी काढून वेगळी ठेवा आणि जबड्यावरचा ताण सोडा. रबर असेल तर आकड्यातून काढून ठेवा, नाहीतर ते सहा महिन्यांत सैल पडून तोंड उघडं राहायला लागतं. डोकं सुती कापडात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकून रंगाला फोड येतात. पेटीत एक जादा रबर, हातभर दोरी, पेन्सिल आणि घासकागद कायम असू द्या. दोरी तुटते ती बहुतेक खटक्याच्या भोकापाशी, म्हणून त्या भोकाची कड दर प्रयोगाआधी नखानं तपासा. धार लागली तर घासून गोल करा.